ग्लोबल फंडाची ओआयजी: रिपोर्ट एक नंबर, पण पावतीचा नाद काही सुटत नाही

हा रिव्ह्यू मोबाईलचा नाही, हॉटेलचा नाही, आणि वाचून तुम्हाला काही विकतही घ्यायचं नाहीये. एड्स, टीबी आणि मलेरियासाठी गरीब देशांना पैसे देणारी जिनिव्हाची ग्लोबल फंड नावाची संस्था आहे, २००२ मध्ये सुरू झालेली. तिच्या पैशावर लक्ष ठेवायला तिच्याच आत एक ऑफिस आहे, ऑफिस ऑफ द इन्स्पेक्टर जनरल, सगळे ओआयजीच म्हणतात. हे लोक ऑडिट करतात, घोटाळ्यांचा तपास करतात आणि रिपोर्ट वेबसाईटवर फुकट टाकतात, कुणीही उतरवून घ्या. मी ते बरीच वर्षं वाचतोय, आधी नोकरीपायी आणि आता सवय लागली म्हणून. तर हे रिपोर्ट आणि एकूणच ही नजर ठेवण्याची सर्व्हिस, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी ही उतरंड समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ग्लोबल फंडाचं जिनिव्हाबाहेर कुठल्याच देशात ऑफिस नाही. पैसे जातात प्रिन्सिपल रेसिपियंटकडे, म्हणजे त्या देशाचं आरोग्य खातं किंवा यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकासाची संस्था) किंवा एखादी मोठी एनजीओ, ते पुढे सब-रेसिपियंटला देतात, ते अजून खाली, आणि सगळ्यात खाली गोळी घेणारा पेशंट. कशासाठी पैसे मागायचे ते देशातली एक समिती ठरवते, सीसीएम, तिच्यात सरकारचे लोक, एनजीओवाले, पेशंटांचे प्रतिनिधी असे सगळे असतात, आणि लक्षही तिनेच ठेवायचं असतं, आता पैसे घेणारेच कधीकधी त्या समितीत खुर्ची अडवून बसलेले असतात तेव्हा तिथे काय लक्ष राहणार ते तुम्हीच बघा. जिनिव्हात बसून हे सांभाळणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून देशोदेशी एक लोकल फंड एजंट नेमतात, एलएफए. नावावरून दलाल वाटतो पण बहुतेक ठिकाणी ती मोठी ऑडिट फर्म असते, फी ग्लोबल फंडच देतो. आणि या सगळ्यांच्या वर ओआयजी, २००५ मध्ये स्थापन झालेली, जी फंडाच्या सीईओला नाही तर थेट बोर्डाला उत्तर देते. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर परत येतो.

मी स्वतः या उतरंडीत खालच्याच एका पायरीवर होतो, एका सब-रेसिपियंट संस्थेत अकाउंट्स बघायचो. नाव नको. एलएफएची माणसं यायची त्याच्या आधी आठवडाभर ऑफिसात लगीनघाई असायची. दोन पोरं यायची, हुशार, नीटनेटकी, लॅपटॉप घेऊन, आणि पहिलं काय मागायची तर गाडीचं लॉगबुक. किती किलोमीटर गेली, किती डिझेल टाकलं, कुणी सही केली. मग ट्रेनिंगची हजेरीपत्रकं, मग हॉटेलची बिलं. एकदा एका वाऊचरवर तारीख खोडून परत लिहिलेली होती त्याच्यावर पाऊण तास गेला, मी आपला समजावतोय की ड्रायव्हरने महिना चुकवला होता म्हणून दुरुस्त केलं. आणि त्याच इमारतीत खाली स्टोअर होतं, तिथे टीबीच्या गोळ्यांचे खोके होते आणि भिंतीला स्टॉक कार्ड लटकवलेलं होतं, किती आले, किती गेले, किती उरले. त्या कार्डावर शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची होती. ते कार्ड कुणी बघितलंच नाही. बघितलं असतं तर माझीही पंचाईत झाली असती हे कबूल, पण निदान बरोबर जागी झाली असती.

मला त्या पोरांचा राग नाही, त्यांना जो कागद भरून आणायला सांगितलाय तो ते भरणार. पण तेव्हापासून मी कुठलाही ऑडिट रिपोर्ट एकाच प्रश्नाने वाचतो: हे लोक कपाटापर्यंत गेले का फक्त फायलीपर्यंत?

आता ओआयजीच्या रिपोर्टांचं कौतुक, आणि ते मनापासून आहे. एक म्हणजे लपवाछपवी नाही. देशाचं नाव, खात्याचं नाव, किती रक्कम, कसं झालं, सगळं असतं. दुसरं, शेवटी एक तक्ता असतो, ॲग्रीड मॅनेजमेंट ॲक्शन्स, म्हणजे जिनिव्हाच्या ऑफिसने काय करायचं कबूल केलंय, कुणी करायचं आणि कुठल्या तारखेपर्यंत. ऑडिट केलेल्या प्रत्येक मुद्द्याला चारपैकी एक शेरा मिळतो, इफेक्टिव्ह, पार्शली इफेक्टिव्ह, नीड्स सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट आणि इनइफेक्टिव्ह. म्हणजे फर्स्टक्लास, काठावर पास, एटीकेटी आणि नापास. आणि हे शेरे फक्त गरीब देशांनाच नाही, फंडाच्या स्वतःच्या कारभारालाही बसतात, ही गोष्ट मला फार आवडते.

तिसरं म्हणजे तपासातला तपशील. आफ्रिकेतल्या माली देशाचा तपास घ्या. टीबी आणि मलेरियाच्या पैशातला निम्मा 'ट्रेनिंग'वर गेल्याचं दाखवलेलं, आणि भत्त्याच्या, राहण्याच्या, प्रवासाच्या पावत्यांवर खोट्या सह्या. सुमारे ४० लाख डॉलर. ज्याने कधी हजेरीपत्रक हाताळलंय त्याला हे वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. खोटं हजेरीपत्रक ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही हो, तीस जणांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकीकडे झुकलेल्या. खऱ्या कागदावर कुणीतरी चौकटीबाहेर सही करतो, कुणाचा अंगठा असतो, कुणीतरी चहा सांडलेला असतो. आणि हॉटेलची बिलं तीन वेगवेगळ्या महिन्यांची पण नंबर पाठोपाठ, म्हणजे त्या हॉटेलात मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही! पैसा खायला ट्रेनिंग ही सगळ्यात सोपी जागा, कारण ट्रेनिंग झाल्यावर मागे काहीच उरत नाही, कागद सोडून. मच्छरदाणी निदान मोजता येते.

मच्छरदाणीतही खातात म्हणा. कंबोडियाचा रिपोर्ट २०१३ च्या नोव्हेंबरात आला, त्यात मच्छरदाण्या पुरवणाऱ्या दोन इंटरनॅशनल कंपन्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना ४ लाख १० हजार डॉलरच्या आसपास 'कमिशन' दिल्याचं निघालं. फंडाने त्या पुरवठादारांची नवी कंत्राटं थांबवली. मला यातलं विशेष वाटलं ते हे की पैसे देणारी बाजू श्रीमंत होती. आपल्या डोक्यात चित्र असतं की भ्रष्टाचार म्हणजे कुठल्यातरी गरीब देशातला पोट सुटलेला अधिकारी, पण कमिशन देणाराही लागतोच ना, आणि तो टाय लावून येतो.

आता या सर्व्हिसची खरी गोची. हिचा माल म्हणजे वाईट बातमी. जितकं काम चांगलं तितकी बातमी वाईट. आणि जगात झाकली मूठ सव्वा लाखाची.

२०११ च्या जानेवारीत काय झालं बघा. ओआयजीने आधीच तपास करून मॉरिटानिया, माली, जिबुती, झांबिया इथली भानगड रिपोर्टांत छापून ठेवली होती. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने त्याच रिपोर्टांवरून बातमी केली आणि जगभर बोंब झाली की ग्लोबल फंडाच्या काही अनुदानांतला दोन तृतीयांश पैसा खाल्ला. आता मॉरिटानियाच्या एड्सच्या अनुदानातले ६७ टक्के बनावट कागदांत आणि असल्याच लबाडीत गेले हे खरंच, पण ते त्या एका कार्यक्रमातलं. फंडाने उत्तर दिलं की तोवर वाटलेल्या १३०० कोटी डॉलरपैकी ३ कोटी ४० लाखांचा हिशोब लागत नाहीये आणि तो आम्ही परत मागतोय. शेकडा पाव टक्का. पण पाव टक्का कोण वाचतो, मोठ्या टायपात ६७ छापलं की संपलं. जर्मनीने पैसे रोखले, स्वीडननेही हात आखडता घेतला. मग एक उच्चस्तरीय समिती बसली, अमेरिकेचे माजी आरोग्यमंत्री मायकल लेव्हिट आणि बोट्स्वानाचे माजी राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात घानातल्या आक्राच्या बैठकीत अनुदानाची अख्खी अकरावी फेरी रद्द झाली. आता त्याला फक्त हे प्रकरण कारण नव्हतं, जगभर मंदी होती, देणाऱ्यांचे खिसे रिकामे होते, पण या बोंबेने मदत नक्कीच केली नाही.

म्हणजे गंमत बघा, ज्यांनी चोर स्वतः शोधला, स्वतः नाव छापलं, पैसे परत मागितले, त्यांचं दुकान बंद पडायची वेळ आली, आणि मदत देणाऱ्या ज्या संस्था असले रिपोर्ट छापतच नाहीत त्यांच्याकडे सगळं आलबेल! 'पाव टक्काच तर गेला' म्हणून हात झटकणाऱ्यांचं मात्र मी ऐकत नाही हं, कारण पाव टक्का म्हणजे जेवढं सापडलं तेवढं, सगळीकडे खणलेलं कुठे होतं. पण खणणाऱ्यालाच फटके दिले तर पुढच्या वेळी तो फावडं जरा हलकंच मारेल, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

म्हणून ओआयजी कुणाला उत्तर देते हा मुद्दा मी वर अधोरेखित केला. फंडाचे इन्स्पेक्टर जनरल जॉन पार्सन्स यांना बोर्डाने २०१२ च्या नोव्हेंबरात काढलं, कारण दिलं की काम समाधानकारक नाही. खरं खोटं करायला मी तिथे नव्हतो, त्यांची शैली आक्रमक होती असं म्हणणारेही होते. पण थेट बोर्डाला उत्तर देणं म्हणजे सीईओ काढू शकत नाही एवढंच, बोर्ड काढू शकतं, आणि बोर्डात देणारे देश पण आहेत आणि घेणारे पण. मग स्वतंत्र म्हणायचं कुणाला? बाकीच्यांकडे तर याहून कठीण अवस्था आहे. यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्या इन्स्पेक्टर जनरलना २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने काढलं, मदतकाम थांबवल्यामुळे ४८.९ कोटी डॉलरचं धान्य वाया जायची भीती आहे असा रिपोर्ट त्यांच्या ऑफिसने दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी! त्यामानाने ग्लोबल फंडाचं ऑफिस अजून टिकून आहे आणि अजून छापतंय, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

आता तक्रारी.

पहिली, उशीर. टीम जाऊन येते, मग मसुदा, मग त्या देशाचं म्हणणं, मग जिनिव्हाचं म्हणणं, मग शब्दांवरून घासाघीस, आणि रिपोर्ट छापून येईपर्यंत ज्या मॅनेजरने भानगड केली तो बदलीवर, ज्याने उघड केली तोही नोकरी सोडून गेलेला. वरातीमागून घोडं. तपासाच्या बाबतीत मी समजू शकतो, कुणाचं नाव घ्यायचं तर पुरावा पक्का हवा, पण ऑडिटमध्ये 'गोदामात औषधं एक्सपायर होताहेत' हे कळवायला एवढी वाट कशाला बघायची. यात पाव स्टार गेला.

दुसरी, भाषा. रिपोर्ट इंग्रजीत, काही फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्येही. ज्या नर्सच्या स्टोअरबद्दल लिहिलंय तिला तो वाचता येईलच असं नाही. तक्रारीसाठी हॉटलाईन आहे, ईमेल आहे, नाव गुप्त ठेवतात, सगळं चांगलं. पण मी ज्या दवाखान्यांत गेलो तिथे सगळ्यात खालच्या माणसाला ही सोय माहीतच नसायची, आणि ज्याला माहीत असायची तो ऑफिसातला, त्याचंच तोंड बांधलेलं. अजून पाव गेला.

तिसरी आणि मोठी, पूर्ण एक स्टार इथेच गेला. पावतीचा नाद.

रिपोर्ट आला की त्याच्या पाठोपाठ नियम येतात. रोख पैसे बंद. प्रत्येक खर्चाला आधी मंजुरी. संस्थेच्या आत फिस्कल एजंट, म्हणजे खर्चावर पहारा ठेवणारा, बसवलेला, त्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. कागदावर हे सगळं बरोबर आहे. पण कंबोडियाचंच पुढे काय झालं ते ऐका. मच्छरदाण्यांचं प्रकरण झाल्यावर नियम कडक केले, आणि २०१५ मध्ये सरकारी मलेरिया केंद्र आणि फंड यांच्यात प्रवासाच्या, हॉटेलच्या पावत्या द्यायच्या का ठरलेला भत्ता घ्यायचा यावरून जुंपली आणि मलेरियाचं काम रेंगाळलं. आता हा कुठला साधासुधा मलेरिया नाही, पश्चिम कंबोडियात थायलंडच्या सीमेजवळ, पैलिनच्या बाजूला, आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या मुख्य औषधाला दाद न देणारा मलेरिया सापडलेला, जगभरचे डॉक्टर ज्याला घाबरून होते तो. आणि अडलं कशावर, तर लॉजच्या पावतीवर. जंगलाजवळच्या गावात राहायला घर देणारा माणूस पावतीपुस्तक ठेवतो का हो? मी असल्या गावांत राहिलोय, रात्री सतरंजी अंथरून देतात आणि सकाळी पैसे हातात घेतात, पावती दे म्हटलं तर माझ्याच वहीतलं पान फाडून सही करून देतील, आणि ऑडिटमध्ये तीच पावती 'संशयास्पद' म्हणून निघेल.

दोष एकट्या ओआयजीचा नाही हे मला कळतं. ओआयजी म्हणते आम्ही धोका दाखवला, नियम जिनिव्हाच्या ऑफिसने केले. जिनिव्हा म्हणते परत पेपरात नाव यायला नको. एलएफए म्हणते आम्हाला जे तपासायला सांगितलं ते तपासलं. आणि खालचा अकाउंटंट, म्हणजे मी, कागद परफेक्ट करायला शिकतो. खरं सांगू? माझ्या नोकरीत एक काळ असा होता की आमच्या फायली एवढ्या सुंदर होत्या की दाखवायला अभिमान वाटायचा, आणि त्याच तिमाहीत दोन दवाखान्यांत लहान मुलांच्या गोळ्या संपल्या होत्या. फायलीवर एकही शेरा आला नाही.

झांबिया याचं उत्तम उदाहरण. २००९ मध्ये आतल्या माणसाने माहिती दिल्यावर आरोग्य खात्यातली अफरातफर बाहेर आली, नेदरलँड्स आणि स्वीडनने पैसे गोठवले, पुढे ग्लोबल फंडाने खात्याऐवजी यूएनडीपीला प्रिन्सिपल रेसिपियंट केलं. ठीक, पैशाची वाट बदलली. आणि २०२५ च्या मे महिन्यात काय, तर अमेरिकेने झांबियाची औषधांची ५ कोटी डॉलरची मदत कापायची घोषणा केली, कारण त्यांच्या लोकांनी दोन हजारांवर मेडिकल दुकानं पालथी घातली तेव्हा फुकट वाटायची औषधं दुकानांत विकायला ठेवलेली सापडली. दोन हजार दुकानं! ही मला आवडलेली तपासणी, कारण तिला कुठल्याही वाऊचरची गरज नाही. दुकानात जा, डबा उचला, वाचा. कापायचा निर्णय बरोबर का चूक यावर मी भांडायला तयार आहे, चोरणारा वेगळाच आणि गोळी बंद होणार ती पेशंटची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण तपासायची जागा बरोबर होती.

न्याय म्हणून सांगतो, ओआयजीचे अलीकडचे देशांचे ऑडिट बरेच सुधारलेत. आता त्यात दवाखान्यात औषध होतं का, एक्सपायर किती झालं, टेस्टिंग किट कुठे अडकले, आकडे खालून वर जाताना कुठे फुगले हे असतं. जुन्या रिपोर्टांत नुसतं 'अनसपोर्टेड एक्सपेंडिचर', म्हणजे कागदाचा आधार नसलेला खर्च, या दोन शब्दांचं तुणतुणं असायचं. या दोन शब्दांवर जरा थांबा, कारण पेपरवाले इथेच घसरतात. पावती नाही म्हणजे चोरी झालीच असं नाही, पावती आहे म्हणजे झाली नाही असंही नाही. मालीत पावत्या होत्याच की, भरपूर होत्या.

नुसती ओआयजी वाचून भागत नाही, जोडीला बाहेरचं कुणीतरी हवं, आणि इथे एड्सस्पॅन या संस्थेचं नाव घ्यायलाच हवं. बर्नार्ड रिव्हर्स यांनी २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली, नंतर नैरोबीला हलवली. 'ग्लोबल फंड ऑब्झर्व्हर' नावाचं त्यांचं न्यूजलेटर ईमेलवर फुकट यायचं, आम्ही ऑफिसात सगळे ते वाचायचो, कारण बोर्डात काय शिजलंय ते आमच्या वरच्या साहेबांच्या आधी आम्हाला तिथून कळायचं. त्यांचं मुख्य म्हणजे ग्लोबल फंडावर लक्ष ठेवतात म्हणून ग्लोबल फंडाचा एक पैसा घेत नाहीत. तळं राखील तो पाणी चाखील हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलेलं. त्यांची खासियत अशी की ओआयजीचा चाळीस पानी रिपोर्ट ते दोन पानांत सांगायचे, आणि त्यात देशाचं म्हणणं काय, ओआयजी कुठे जास्त कडक झाली तेही यायचं. शिवाय पैसे कसे मागायचे त्याच्या गाईड काढायचे, म्हणजे नुसते पोलीस नाहीत, क्लासही घ्यायचे. उणीव एवढीच की शैली रुक्ष, आणि ज्यांना आद्याक्षरं पाठ नाहीत त्यांना पहिल्या परिच्छेदातच घेरी येईल.

वाचायला बसणार असाल तर एक युक्ती सांगतो. सुरुवातीची समरी वाचू नका, ती सगळ्यांची मर्जी राखून लिहिलेली असते. थेट शेवटच्या तक्त्यावर जा, काय करायचं कबूल केलंय आणि तारीख काय ते बघा. मग त्याच देशाचं आधीचं ऑडिट उघडा, तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल, आणि त्याचा तक्ता शेजारी ठेवा. तीच गोष्ट परत दिसली, गोदाम, स्टॉक कार्ड, एक्सपायरी, फक्त तारीख नवीन, तर कुठलाही शेरा असू दे, माझ्या हिशोबाने नापास. आणि रिपोर्टात किती दवाखाने प्रत्यक्ष बघितले तो आकडा सुरुवातीलाच कुठेतरी दिलेला असतो, तो शोधा. मी आता सगळ्यात आधी तोच बघतो.